थर्माकोलच्या विमानाला कोणता पंख?

मुंबई-गोवा महामार्गावरचे नागोठणे हे गाव रसायनांच्या कारखान्यांमुळे सर्वांना ठाऊक आहे. गावाजवळ आमडोशी येथे सुप्रीम पेट्रोकेमचा कारखाना आहे. तेथे पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक तयार होते. ज्या बारीक मण्यांना वाफ देऊन फुगवले की थर्माकोल होतो, ते मणीही तेथे तयार होतात. एक घनमीटर पॉलिस्टायरिनचे वजन हजार किलोग्रॅमहून थोडे जास्त भरते, तर एक घनमीटर थर्माकोलचे वजन पंधरा ते वीस किलोग्रॅम. म्हणजे थर्माकोलच्या ठोकळ्यात ९८ टक्के जागा हवेची असते. खेळातले विमान करायला इतका हलका, स्वस्त आणि सुरीने सहज कापता येणारा पदार्थ दुसरा मिळणे कठीण. पूर्वी अशा विमानांसाठी बाल्सा लाकूड बाहेरून मागवावे लागे. आज दूरदर्शन संचाच्या किंवा शीतकपाटाच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल शाळेच्या अडगळीत पडलेला असतो.

साहित्य हाताशी आहे, मुलांना हौस आहे, आणि विमानाचा विषय अभ्यासक्रमाबाहेरचाही नाही. तरीसुद्धा शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत दिसणारी थर्माकोलची विमाने बहुतेक वेळा उडत नाहीत. ती टेबलावर मांडलेली असतात, त्यांना चंदेरी कागद लावलेला असतो आणि मागे एक तक्ता टांगलेला असतो. विमान का उडते हे तो तक्ता सांगतो, आणि पुढचे विमान मात्र उडत नाही. या लेखात त्या तक्त्याचे आणि त्या विमानाच्या पंखाचे परीक्षण करायचे आहे. दोष मुलांचा नाही. आपण मोठ्यांनी त्यांना पंख कसा निवडावा हे चुकीच्या कारणांवरून शिकवले, हा तो दोष आहे.

तक्त्यावरचा पंख

तक्ता सर्वांच्या ओळखीचा आहे. पंखाचा आडवा छेद काढलेला असतो. खालची बाजू सपाट, वरची फुगीर. समोरून येणारी हवा पंखाच्या पुढच्या कडेशी दुभंगते. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता आणि खालून जाणाऱ्या हवेला जवळचा. दोन्हींना मागच्या कडेशी एकाच वेळी पोचायचे असल्याने वरची हवा वेगाने धावते. वेग वाढला की बर्नुली यांच्या तत्त्वानुसार दाब कमी होतो. आणि विमान वर उचलले जाते. मुलगा हे घडाघडा म्हणून दाखवतो आणि परीक्षक मान डोलावतात.

या स्पष्टीकरणातली दोन विधाने खरी आहेत. उडणाऱ्या पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा वेग खरोखरच जास्त असतो, आणि तेथे दाबही खरोखरच कमी असतो. चूक आहे ती त्यांना जोडणाऱ्या दुव्यात. दुभंगलेल्या हवेने मागच्या कडेशी एकाच वेळी पोचलेच पाहिजे, असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. दोन प्रवासी एकाच वेळी पेणहून निघाले, एक वाकणमार्गे गेला आणि एक आडवाटेने, तर ते रोह्याला एकाच क्षणी पोचतील असे आपण म्हणत नाही. केंब्रिज विद्यापीठातील होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ साली शिक्षकांसाठीच्या ‘फिजिक्स एज्युकेशन’ या नियतकालिकात हा मुद्दा सविस्तर मांडला. पंखाभोवती धुराच्या रेषा सोडून त्यांनी दाखवलेही, की वरची हवा खालच्या हवेच्या बरीच आधी मागच्या कडेशी पोचते. दुभंगलेल्या त्या दोन भागांची पुन्हा गाठ पडतच नाही.

परंतु वर्गात धुराचे यंत्र नसले तरी बिघडत नाही. नववी-दहावीचे गणित पुरेसे आहे. आपण एक छोटे विमान धरू. पंखाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी १० सेंटिमीटर आणि सगळ्या विमानाचे वजन ६० ग्रॅम. पंखाचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर झाले. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक दशांश ग्रॅम भार; दाबाच्या एककात सांगायचे तर ९.८ पास्कल. असे विमान सेकंदाला साधारण ५.३ मीटर वेगाने तरंगते. हवेची घनता घनमीटरला १.१६ किलोग्रॅम धरून बर्नुलींचे समीकरण मांडले, आणि खालच्या हवेचा वेग ५.३ धरला, तर ९.८ पास्कलचा फरक पडण्यासाठी वरच्या हवेचा वेग ६.७ मीटर हवा. म्हणजे वरचा रस्ता खालच्या रस्त्याहून २६ टक्के लांब हवा. पंखाची रुंदी १० सेंटिमीटर असताना वरची कमान १२.६ सेंटिमीटर लांब व्हायची, तर तिची उंची सव्वातीन सेंटिमीटर होते! असा कुबड आलेला पंख कोणी पाहिला आहे काय?

उलट बाजूनेही हिशेब करून पाहावा. तक्त्यावरचा नेहमीचा पंख रुंदीच्या साधारण १२ टक्के जाड असतो. त्याची वरची कमान खालच्या रेषेपेक्षा जेमतेम चार टक्के लांब भरते. तक्त्याचे म्हणणे खरे मानले, तर आपल्या ६० ग्रॅमच्या विमानापैकी असा पंख आठ ग्रॅमसुद्धा उचलणार नाही. पण पाच मिलिमीटर जाडीच्या सपाट फोमच्या तक्तीचा पंख लावलेले विमान सहज तरंगते. तिच्या वरचा आणि खालचा रस्ता अगदी सारखा असतो. हवाई कसरतींत विमाने उलटीही उडतात. तक्त्याच्या नियमाप्रमाणे त्यांनी जमिनीत घुसायला हवे.

मग पंख काय करतो?

पंख हवेला खाली वळवतो. पुढची कड किंचित वर धरलेली पट्टी हवेतून सरकली, की तिच्या खालून आणि वरून जाणारी हवा, दोन्ही, खालच्या दिशेला वळतात. पंखाने हवेवर खाली बल लावले, म्हणून हवेने पंखावर वर बल लावले. हा न्यूटनचा तिसरा नियम. हवेचा प्रवाह वळतो तेव्हा वळणाच्या आतल्या बाजूला दाब कमी आणि बाहेरच्या बाजूला जास्त असतो. त्यामुळे पंखाच्या वर दाब कमी होतो, आणि कमी दाबाकडे जाणारी हवा वेग घेते. बर्नुली आणि न्यूटन यांच्यात भांडण नाही. भांडण आहे ते मध्येच घुसवलेल्या ‘एकाच वेळी पोचण्या’शी.

कागदाच्या पट्टीवर फुंकर मारून ती वर उचलली जाते, हा प्रयोगही याच तक्त्याशेजारी असतो. तो करावा, पण पुरा करावा. तीच पट्टी उभी, सरळ लोंबती धरून तिच्या एकाच बाजूने फुंकर मारावी. फुंकरीच्या बाजूचा दाब नुसत्या वेगामुळे कमी होत असता, तर पट्टी त्या बाजूला ओढली गेली पाहिजे. ती जात नाही. पहिल्या प्रयोगात पट्टी वाकलेली असते आणि फुंकर त्या वळणाला धरून वळते, म्हणून पट्टी उचलली जाते. मुलांपुढे हे दोन्ही प्रयोग एकापाठोपाठ केले, तर वर्गात जी चर्चा होते ती तक्त्याच्या पाठांतरापेक्षा मोलाची आहे.

आता आपल्या विमानाचा हिशेब करू. पंखाच्या लांबीइतका, म्हणजे ६० सेंटिमीटर व्यास असलेला हवेचा एक दंडगोल पंखाच्या तावडीत सापडतो, असे स्थूलमानाने धरता येते. सेकंदाला ५.३ मीटर पुढे जाताना सुमारे पावणेदोन किलोग्रॅम हवा या दंडगोलात येते. ६० ग्रॅमचा भार तोलायचा तर या हवेला सेकंदाला ३४ सेंटिमीटर इतका खाली जाणारा वेग द्यावा लागतो. हवेला वजन असते हे मुले पाठ करतात. पण हातात मावणारे विमान दर सेकंदाला पावणेदोन किलो हवा खाली ढकलत असते, हे ऐकल्यावर ती दचकतात. असे दचकणे शिक्षणाला उपकारकच असते.

वरून दिसणारा आकार

पंख निवडताना मुले, आणि त्यांना मदत करणारे पालकही, आधी वरून दिसणारा आकार पाहतात. सर्वांत लाडका आकार लढाऊ विमानाचा, त्रिकोणी. ‘तेजस’ने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले तेव्हापासून त्रिकोणी पंखाची चित्रे घराघरांत पोचली आहेत. पण त्रिकोणी पंख ध्वनीच्या वेगाच्या आसपास आणि त्याहून वेगाने जाण्यासाठी आहे. त्याच्यामागे जोरदार इंजिन असते आणि दर क्षणी तोल सावरणारा संगणक असतो. आपल्या विमानामागे असतो तो मुलाचा हात.

वरचाच हिशेब पुढे नेला की त्रिकोणाचे दुखणे कळते. क्षेत्रफळ तेच, ६०० चौरस सेंटिमीटर ठेवून पंख ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद केला, असे समजा. त्रिकोणी पंख साधारण असाच आखूड आणि रुंद असतो. आता हवेच्या दंडगोलाचा व्यास निम्मा झाला, म्हणून सापडणारी हवा चौथाई झाली. तेवढाच भार तोलायला तिला चौपट वेगाने खाली ढकलले पाहिजे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हवा चौथाई आणि वेगाचा वर्ग सोळापट, म्हणजे खर्च चौपट. बिनइंजिनाच्या विमानाकडे ऊर्जेची पुंजी एकच, ती म्हणजे त्याची उंची. लांब पंखाचे विमान केवळ या खर्चापायी सेकंदाला १७ सेंटिमीटर उतरेल, तर आखूड पंखाचे ६८ सेंटिमीटर. मुलाने खांद्याच्या उंचीवरून सोडलेले त्रिकोणी विमान दोन सेकंदांत गवतात का जाते, याचे उत्तर येथे आहे.

मग पंख दीड मीटर लांब आणि चार सेंटिमीटर रुंद का करू नये? दोन कारणे आहेत. एक, थर्माकोल तेवढ्या लांबीला वाकतो आणि मोडतो. दुसरे कारण हवेच्या चिकटपणाचे आहे. ते पुढे येईलच. या दोन्हींचा मेळ घालून नवशिक्याने लांबी रुंदीच्या सहापट ठेवावी, हे उत्तम.

दुसरा लाडका आकार टोकाकडे निमुळता होत जाणारा, आणि तिसरा लंबवर्तुळाकार. लंबवर्तुळाकार पंखात वर सांगितलेला ऊर्जेचा खर्च सर्वांत कमी येतो, हे प्रांट्ल यांच्या सिद्धांतावरून सिद्ध झालेले आहे. १९३६ साली प्रथम उडालेल्या ‘स्पिटफायर’ विमानाचे सौंदर्य त्याच आकारात होते. पण सहास एक प्रमाणाच्या साध्या आयताकृती पंखाचा हा खर्च लंबवर्तुळापेक्षा केवळ पाचएक टक्क्यांनी जास्त असतो. एवढ्या बचतीसाठी मुलाने दोन संध्याकाळी वक्र कडा कापत बसावे काय?

निमुळत्या पंखाचा दोष अधिक गंभीर आहे. विमान फार मंदावले किंवा नाक फार वर गेले, की पंखावरची हवा पृष्ठभागाला धरून राहत नाही. ती सुटते आणि पंख एकदम ढिला पडतो. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. निमुळत्या पंखात हे सहसा टोकाकडे आधी घडते. दोन्ही टोके नेमकी एकाच क्षणी ढिली पडत नाहीत. एक आधी पडते आणि विमान त्या अंगावर कोलमडते. आयताकृती पंखात हवा मध्याजवळ आधी सुटते, टोके काम करत राहतात, आणि विमान फक्त नाक खाली करून पुन्हा वेग घेते. नवशिक्याची चूक पोटात घालणारा पंख म्हणजे हाच. आयत ‘साधा’ म्हणून प्रदर्शनात त्याला गुण कमी मिळतात, हे आपल्या परीक्षणाचे अपयश आहे.

समोरून पाहिल्यावर दिसणारा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे. दोन्ही पंख टोकाकडे थोडे वर उचललेले, उथळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे असावेत. विमान एका अंगाला कलले की ते त्या बाजूला घसरू लागते, आणि खालच्या पंखाला वाऱ्याशी मोठा कोन मिळून तो जास्त उचलला जातो. विमान आपले आपण सावरते. टेबलावरच्या बहुसंख्य प्रतिकृतींत पंख फळीसारखा सरळ असतो. अशा विमानाला सावरायला वैमानिक लागतो, आणि आत तर कोणी नसतो.

जाड की पातळ?

आता तक्त्यावरच्या फुगीर छेदाकडे परत येऊ. त्याचे स्पष्टीकरण चुकीचे असले तरी मोठ्या विमानांचे पंख जाड आणि फुगीर असतात, हे तर खरे. मग थर्माकोलचा ठोकळा तापलेल्या तारेने कापून तसाच जाड पंख का करू नये?

याचे उत्तर ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टर येथे केलेल्या प्रयोगांपर्यंत जाते. प्रवाहाचा वेग, वस्तूचा आकार आणि द्रवाचा चिकटपणा यांच्यापासून मिळणाऱ्या एका संख्येवर प्रवाहाची वागणूक ठरते. तिला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. आपल्याकडच्या ३० अंश सेल्सिअसच्या हवेसाठी तो काढणे सोपे आहे. मीटर प्रतिसेकंदातला वेग आणि मीटरमधली पंखाची रुंदी यांचा गुणाकार करून त्याला ६२,५०० ने गुणावे. आपल्या विमानाचा अंक ५.३ गुणिले ०.१ गुणिले ६२,५००, म्हणजे सुमारे ३३ हजार. प्रवासी विमानाच्या पंखाचा अंक कोटींच्या घरात जातो, नागोठण्याच्या आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीचा लाखाच्या आसपास असतो, तर भाताच्या खाचरावर फिरणाऱ्या चतुराचा हजारांत.

अंक लहान असला की पंखालगतच्या हवेवर चिकटपणाचा प्रभाव जास्त असतो. जाड, गोलसर पंखाच्या पाठीवरून ही मंदावलेली हवा उतरणीला लागली, की तिच्यात पुढे जाण्याचा जोर उरत नाही आणि ती पृष्ठभाग सोडून देते. उचल घटते, रोध वाढतो. जर्मनीतील एफ. डब्ल्यू. श्मिट्झ यांनी मॉडेल विमानांच्या आकाराच्या पंखांवर प्रयोग करून १९४२ साली आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले. अंक एक लाखाच्या बराच खाली गेला की नावाजलेले जाड छेद एकाएकी निकामी होतात, आणि पातळ, किंचित वाकवलेली पट्टी त्यांच्यावर मात करते, असे त्यांना आढळले. पट्टीची पुढची कड पातळ असल्याने हवा तेथेच खळबळते, आणि खळबळलेली हवा पृष्ठभागाला अधिक चिकटून राहते. घारीचा पंख हाडाच्या पुढे-मागे पातळ आणि वाकलेला असतो, चतुराचा तर कागदाहून पातळ आणि चुणीदार असतो. हे उगाच नाही.

याच गोष्टीने एकदा मोठ्यांनाही चकवले होते. राइट बंधूंनी १९०१ सालच्या हिवाळ्याआधी घरी तयार केलेल्या वातविवरात, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, दोनशेच्या आसपास लहान पंख तपासले. ते नमुने काही इंचांचे होते. त्यांत पातळ, वाकवलेले पंख सरस ठरले. त्यांच्या हाती आलेले आकडे अचूक होते आणि त्यांच्या बळावर ते १९०३ साली उडालेही. पण पुढे दीड दशक बहुतेक विमानांचे पंख पातळच राहिले, आणि ते मोडू नयेत म्हणून तारांचे जाळे लावावे लागले. लहान नमुन्यावर जाड पंख वाईट ठरतो, मोठ्या विमानावर तो वाईट नसतो, हे जर्मनीत ग्योटिंगेन येथील मोठ्या वातविवरातून स्पष्ट झाले, आणि १९१७-१८ च्या फोकर विमानांनी जाड पंख लावून ते आकाशात दाखवले. तेव्हा लहानाचा नियम मोठ्याला लावला गेला होता. आपण शाळेत आज मोठ्याचा नियम लहानाला लावतो. चूक एकच आहे, फक्त दिशा उलट.

फोमच्या विमानांसाठी आणखी एक छेद लोकप्रिय आहे. सपाट तक्तीवर पुढच्या अर्ध्या भागात तसलीच दुसरी पट्टी चिकटवतात, त्यामुळे मध्ये एक पायरी तयार होते. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या अमेरिकनांनी कागदी विमानावरून ही कल्पना काढली आणि १९७२ साली तिचे पेटंट घेतले. त्या वेळी तिचा फार गाजावाजा झाला. वातविवरातील चाचण्यांत मात्र तिने मोठ्या विमानांना उपयोगी पडेल असे काही दाखवले नाही. असे असले तरी नवशिक्याने तिला हसू नये. दुहेरी पट्टीमुळे फोम ताठ होतो आणि पंख सहज मोडत नाही. हा फायदा चमत्काराचा नसून बांधणीचा आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

तर पंख कसा करावा?

टीका करणाऱ्याने पर्यायही द्यावा. ६० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर जाड फोमची तक्ती घ्यावी.  पुढच्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर खालच्या बाजूने उथळ खाच पाडून तक्ती लांबीच्या दिशेने दुमडावी, म्हणजे मधली रेषा सुमारे सहा मिलिमीटर वर येईल. खाचेत डिंक भरून वाळू द्यावे. ही झाली वाकवलेली पट्टी. मग पंख मध्ये कापून दोन तुकडे करावेत, कापलेल्या कडा किंचित तिरप्या घासाव्यात, आणि एक तुकडा टेबलावर सपाट ठेवून दुसऱ्याचे टोक आठ सेंटिमीटर उचलून जोडावे. विमान सरळ धरले की दोन्ही टोके चार-चार सेंटिमीटर वर दिसतील. शेपटीचा आडवा पंख मुख्य पंखाच्या क्षेत्रफळाच्या एक पंचमांश, म्हणजे २० बाय ६ सेंटिमीटर असावा. नाकाला मातीचा गोळा लावून विमानाचा तोल पुढच्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर आणावा. तोल चुकला तर जगातला कोणताही पंख उडत नाही.

पांढरा डिंक वापरावा. पेट्रोलसारख्या द्रावकात विरघळवलेले डिंक थर्माकोलला खातात. तापलेल्या तारेने कापताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि फोम नवा विकत आणू नये. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे-वाट्या आणि सजावट यांवर बंदी आली. गणपतीची मखरेही त्यात आली, आणि गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या पेण परिसरात हा बदल सर्वांनी जवळून पाहिला. थर्माकोल कुजत नाही. त्याचे मणी नाल्यातून अंबा नदीत आणि तिथून खाडीत जातात. म्हणून खोक्यातला टाकाऊ फोम वापरावा, मोडलेले विमान दुरुस्त करावे आणि उरलेले तुकडे मोजून परत गोळा करावेत. हाही विज्ञानाच्या तासाचाच भाग आहे.

पंखांची तुलना करायची तर सांगाडा, शेपूट, तोल आणि वजन तेच ठेवून फक्त पंख बदलावा: एकदा त्रिकोणी, एकदा सपाट आयत, एकदा वाकवलेला आयत, एकदा जाड. भातकापणीनंतरचे रिकामे शेत याला उत्तम. वेळ सकाळची, समुद्राकडचा वारा सुटण्याआधीची. दीड मीटर उंचीवरून, न फेकता, हलके पुढे ढकलून विमान सोडावे आणि कापलेले अंतर पट्टीने मोजावे. प्रत्येक पंखाची दहा उड्डाणे करावीत, सर्वांत चांगले तेवढेच लिहू नये, सरासरी काढावी. अंतराला उंचीने भागले की त्या पंखाचे गुण मिळाले. हे गुण कोणत्याही परीक्षकाच्या मर्जीवर नाहीत.

परीक्षण कसे असावे

चित्रावरून विमानाला दाद देण्याची आपली सवय जुनी आहे. ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथातील विमानांची चित्रे आजही प्रदर्शनांत लावली जातात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७४ साली त्या ग्रंथाची तपासणी केली. त्यांनी ग्रंथाची टिंगल केली नाही किंवा त्यापुढे हातही जोडले नाहीत. चित्रांतली मापे घेतली, वजन आणि बले यांचा हिशेब केला, आणि ती विमाने उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. टीका कशी करावी याचा हा नमुना आहे. तोच न्याय आपण आपल्या तक्त्याला आणि आपल्या थर्माकोलच्या विमानालाही लावला पाहिजे.

शिक्षकांपुढची खरी अडचण मला ठाऊक आहे. मुलाने परीक्षेत ‘वरची हवा आणि खालची हवा एकाच वेळी पोचत नाही’ असे लिहिले, तर त्याचे गुण जाण्याची भीती आहे. या भीतीने अनेक जण माहीत असूनही जुनेच शिकवतात. पण हिशेब करून पाहणाऱ्या मुलाला आपण ‘उत्तरपत्रिकेत मात्र असे लिही’ असे सांगतो, तेव्हा विज्ञान दोन प्रकारचे असते, एक शेतातले आणि एक कागदावरचे, हेच आपण त्याला शिकवत असतो. विमान पडल्याने होणाऱ्या नुकसानाहून हे नुकसान मोठे आहे. उत्तरपत्रिका तपासणारे आणि प्रदर्शनाचे परीक्षक हेही शिक्षकच असतात. तेव्हा सुरुवात आपल्यापासूनच करता येईल: योग्य कारण लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत, आणि प्रदर्शनातल्या विमानाला गुण देण्याआधी ते शाळेच्या मैदानावर सोडून पाहावे.